फोटोतून कापलेली मिरी

तुमच्या घरातलं कुणी गेलं, भिंतीसाठी फोटो निवडायला बसलात, आणि सगळ्यांत चांगल्या फोटोत त्या माणसाशेजारी एक काळी कुत्री बसलेली निघाली, तर तुम्ही काय कराल? फोटो लावाल, की कात्री शोधाल?

एडिनबरातल्या आमच्या मराठी मंडळाने कात्री शोधली. फोटो इंदूमावशीचा आहे. ती दगडी कुंपणावर बसली आहे, अंगात हिरवं मेणकापडी जाकीट, कपाळावर टिकली, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, आणि ती मनापासून हसते आहे. मंडळाने तो मोठा करून, चौकट घालून, हार घालून ठेवला. फक्त खालचा भाग कापला. पण कापणाऱ्याची पंचाईत झाली असणार, कारण मावशीचा उजवा हात खाली गेलेला आहे आणि हात तोडल्याशिवाय कुत्री पूर्ण तोडता येत नव्हती. त्यामुळे तिच्या बोटांखाली एक काळा तुकडा राहून गेला. शोकसभेत माझ्या मागच्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "पर्स असेल हो." मी हा लेख त्या तुकड्यासाठी लिहिते आहे.

निहारचा फोन आला तेव्हा मी एडिनबराच्या लीथ भागातल्या पुस्तकांच्या दुकानात कामावर होते. निहार म्हणजे मावशीचा मुलगा. जन्म इथलाच, नोकरी केंब्रिजला, आणि मराठी आईपुरती. "आई गेली," तो म्हणाला. "हॉस्पिटलने रिंग केला सकाळी." आणि पुढे एकदम, "मिरी तुझ्याकडेच आहे ना? माझी फ्लॅटमध्ये डॉग्ज अलाउड नाहीत." मिरी माझ्याकडेच होती. मावशीला न्यूमोनियाने वॉर्डात ठेवलं त्या दिवसापासून ती माझ्या दाराशी तोंड करून बसली होती. शेवटची भेट झाली तेव्हा मावशीला बोलताना धाप लागत होती, तरी तिने आधी हाताच्या सुईकडे बघून नर्सला शाबासकी दिली, आणि मग मला विचारलं, "मिरीकडून दोन्ही हातांनी घेतेस ना गं?" मी हो म्हटलं. आमच्यातलं ते शेवटचं बोलणं.

इंदूमावशी माझ्या आईची शाळेतली मैत्रीण. नवऱ्याबरोबर तरुणपणी इकडे आली, आयुष्यभर हॉस्पिटलात भूल देण्याचं काम केलं, काका गेल्यावर लवकरच निवृत्त झाली. मी पुण्याहून शिकायला आले ती तिच्या घरातल्या वरच्या खोलीत. मी कुठल्या घरातून आले होते तेही सांगायला हवं. आमच्याकडे बाबांचा छोटा छापखाना होता, आणि लहानपणी इतर मुली ठिकऱ्या खेळत तेव्हा मी फरशीवर बसून पत्रकांच्या घड्या घालत असे. पाणी, जमीन, जात, देवळाचा प्रवेश... ज्या विषयावर अन्याय होता त्या विषयावर आमच्याकडे पत्रक होतं. एडिनबरात आल्या आल्या मी विद्यापीठातल्या शिकारविरोधी गटात गेले, आणि आठवड्याच्या आत मावशीच्या जेवणाच्या टेबलावर आमच्या पत्रकांचा गठ्ठा आला. मावशी शाकाहारी, रोज दिवा लावणारी, चतुर्थी करणारी. ती गठ्ठा उचलून बाजूला ठेवायची आणि मला "पत्रकबाई" म्हणायची. "पत्रकबाई, क्रांती झाली असेल तर पानं घ्या."

त्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही शहराबाहेर टेकड्यांकडे फिरायला गेलो होतो. तिथल्या एका मोठ्या इस्टेटीवर आदल्या दिवशी शिकार झाली होती. तिकडे फेझंट नावाचा, कोंबड्याएवढा, लांब शेपटीचा पक्षी मारतात. हाकारे रानातून पक्षी उठवत येतात आणि बंदूकवाले रांगेत उभे राहून ते उडताना टिपतात. कुंपणाच्या कडेला मावशी थांबली. झुडपाखाली काहीतरी सरपटत होतं. पंख मोडलेला फेझंट होता, आदल्या दिवसापासून जिवंत. मावशीने शाल काढली, त्यात तो गुंडाळला, आणि धुराडं दिसेल त्या दिशेने चालायला लागली. ते इस्टेटीच्या रखवालदाराचं घर होतं. डंकन त्याचं नाव, उंच, लाल मानेचा. मी त्याच्या दारात जमीनदार, बंदुका, श्रीमंतांची करमणूक यांवर जे बोलायचं ते सगळं बोलले. तो सगळं ऐकून घेत होता. तेवढ्यात मावशीने शाल त्याच्यापुढे धरली, आपण डॉक्टर असल्याचं सांगितलं आणि इंग्रजीत विचारलं, "हा काल का नाही सापडला?" त्याने पक्षी हातात घेतला, एका झटक्यात त्याचं दुःख संपवलं आणि म्हणाला, "कुत्री कमी आहेत, डॉक्टर. मारायला पुष्कळ येतात. शोधायला कुणी येत नाही."

परतताना गाडी मावशीच चालवत होती. शहराच्या अलीकडच्या राउंडअबाउटला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "कुत्रा आणायचा." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तू शिकारीला जाणार?" "शिकारीला नाही. शिकारीच्या मागे. पडलेलं शोधायला." मी म्हटलं, म्हणजे तू त्यांना मदतच करणार, त्यांचं पाप स्वच्छ करून देणार. "मी जन्मभर काय केलं गं?" ती म्हणाली. "सर्जन कापायचा, मी भूल द्यायची. कापणं बरोबर की चूक ते टेबलावरच्या माणसाला विचारत नाही बसले." "पण ही गोळी चूकच आहे!" मी ओरडले. "मग ती तू थांबव," मावशी गिअर टाकत म्हणाली. "ते तुझं काम. थांबेपर्यंत मी पाखरं शोधते." आमचं हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. ती तिच्या जागी राहिली, मी माझ्या. मी आजही शिकारीच्या विरोधात आहे, आणि ज्यांना वाटेल की या लेखात मी बंदुकीची बाजू घेणार आहे त्यांनी इथेच पान उलटावं.

मिरी आली तेव्हा तळहाताएवढ्या डोक्याचं लॅब्रडॉर पिल्लू होती, मिऱ्यासारखी काळी. तिच्या टोपलीत माझी पत्रकं अंथरली गेली. "तुमची शाई चांगली आहे," मावशी म्हणाली, "पसरत नाही." मी आठवडाभर अबोला धरला आणि मग मीच पिल्लाला घेऊन झोपायला लागले. शिकवणी लगेच सुरू झाली. काकांच्या कॉर्डरॉय पँटचे पाय कापून मावशीने त्यात चिंध्या आणि वाळू भरली, तोंडं शिवली आणि शोधायला शिकवण्याच्या डमी तयार केल्या. पुढे त्यांना फेझंटचे पंख रबरबँडने बांधायचे. ते पंख डंकनकडून यायचे आणि फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात राहायचे. आपल्या घरांत आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधीच नसतं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी एकदा ओलं खोबरं समजून तो डबा उघडला. "किंचाळतेस काय," मावशी आतून म्हणाली, "खोबरं निळ्या झाकणाचं!"

अशा कुत्र्याला दोन गोष्टी याव्या लागतात. एक म्हणजे थांबणं. डमी हवेत जाते, पडते, धप्प आवाज होतो, आणि कुत्र्याच्या अंगातला कण न् कण धाव म्हणतो. तरी त्याने बसून राहायचं. मालकाचा हात त्याच्या डोक्याजवळून पुढे जाईल तेव्हाच सुटायचं. मावशीने हे ब्लॅकफर्ड टेकडीवर वाऱ्यापावसात मिरीकडून घोटून घेतलं. दुसरी गोष्ट जास्त अवघड, ती म्हणजे मऊ तोंड. आणलेल्या पाखराला दात लागता कामा नये. इथे मिरी अडली. डमी आणायची, पण द्यायची नाही. धरून बसायची, ओढायची, दात रुतवायची. डंकन म्हणाला, "हिचं तोंड कडक आहे. नाही होणार कामाची." कारण मावशीला सापडलं, आणि ते आम्हीच होतो. घरी येणारा प्रत्येक मराठी पाहुणा मिरीच्या तोंडातली चप्पल नाहीतर चेंडू "दे गं, दे दे" करत हिसकायचा. जे हिसकलं जातं ते घट्ट धरावं, हे तिला आम्ही शिकवलं होतं.

मग मावशीने हिसकणं बंद केलं. ती मिरीसमोर गुडघ्यावर बसायची आणि ओंजळ पुढे करायची. उजवा हात वर, डावा खाली, देवळात तीर्थप्रसाद घेतो तशी. मागायची नाही, ओढायची नाही. वाट बघत बसायची. पहिल्या दिवशी चहा गार होईपर्यंत बसली. मी खिडकीतून म्हटलं, "अगं, ती बघ तुलाच ट्रेन करतेय." "करू दे," मावशी म्हणाली. आणि कधीतरी मिरीने मान खाली घातली आणि काकांच्या पँटचा पाय हळूच त्या ओंजळीत ठेवला. मावशीने ती डमी आधी कपाळाला लावली, मग बाजूला ठेवली. त्यानंतर आमच्या घरात नियम झाला, मिरीकडून काहीही घ्यायचं ते दोन्ही हातांनी. आलेल्या डॉक्टर मंडळींनासुद्धा. काही हसले, काहींना ते चाललं नाही. एका काकूंनी तर तोंडावर म्हटलं, "कुत्र्यापुढे हात जोडायचे?" मावशी म्हणाली, "जोडायचे नाहीत, पसरायचे."

पाखरांचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. त्याच्या आधी, मिरीचं शिक्षण पुरं होऊन ती कामाला लागणार त्याच वर्षी, मंडळाचा गणपती झाला. मूर्ती कागदाच्या लगद्याची, दीड वीत उंचीची. मंडळाचे सेक्रेटरी बापटकाका, निवृत्त डॉक्टर, तिला पुण्याहून विमानात मांडीवर घेऊन आले होते. एअर होस्टेसला त्यांनी "धिस इज अ पॅसेंजर" असं सांगितलं, हे त्यांच्याच तोंडून मी बऱ्याचदा ऐकलं आहे. विसर्जन पोर्टोबेल्लोच्या किनाऱ्यावर. सप्टेंबरचा गार वारा, झब्ब्यांवरून अनोरॅक म्हणजे टोपीवाली वारारोधक जाकिटं, ढोलाऐवजी कुणाच्या तरी गाडीतला सीडी प्लेअर. मिरी मावशीच्या डाव्या पायाशी बसून होती. बापटकाका गुडघ्यावर पँट दुमडून पाण्यात गेले, मूर्ती सोडली. कागदाची असल्यामुळे ती लगेच बुडाली नाही. तरंगत, डुलत निघाली. सगळ्यांनी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हटलं आणि शेवटच्या अक्षता टाकल्या. मावशीनेही टाकल्या. उजवा हात पुढे करून, मिरीच्या डोक्याजवळून.

मिरी सुटली.

तिच्या जागी दुसरी कुठलीही शिकलेली कुत्री असती तर तीही सुटली असती. समोर पाण्यात काहीतरी पडलं होतं, ती थांबली होती, हात पुढे झाला, आज्ञा मिळाली. "अरे पकडा, पकडा!" किनारा ओरडला. मिरीने बापटकाकांना वळसा घातला, पोहत गेली, गणपती कमरेपाशी अलगद धरला आणि मान उंच ठेवून परत आली. ती मावशीसमोर बसली. आणि मावशीने, सवयीने, ओंजळ पुढे केली. मावशीने गणपती कपाळाला लावला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी म्हटलं होतं हो देवा. फारच लवकर आलात." मी हसले. माझ्याखेरीज दोघं-तिघंच हसले असतील.

बापटकाकांचा चेहरा पांढरा पडला होता. "इंदूताई, देव कुत्र्याच्या तोंडात गेला!" मावशीने मूर्ती त्यांच्यापुढे धरली. "बापट, एक ओरखडा दाखवा. सोंडेचं टोक बघा, तसंच आहे. तुमच्यापैकी कुणी इतक्या हळू हाताने धरलं होतं यांना?" मग ती स्वतः बुटांसकट पाण्यात गेली आणि कागद भिजून मूर्ती विरघळायला लागेपर्यंत तिथे उभी राहिली. मिरीला तिने मोठी शिट्टी देऊन बसायला सांगितलं होतं. मिरी बसली होती. थरथरत होती, पण बसली होती.

पुढच्या वर्षी बापटकाकांचा फोन आला. फार नम्रपणे आला. "या ना इंदूताई, तुम्ही हव्याच आहात. फक्त कुत्रा नको. लोकांच्या भावना असतात, शिवाय ते शिकारीचं पण कानावर आलंय..." मी शेजारीच होते. मावशी म्हणाली, "लोकांच्या भावना असतात हे खरं. माझ्याही आहेत. मिरी नाही तर मी नाही." आणि ती गेली नाही. पाडव्याला नाही, कोजागरीला नाही, गणपतीला नाही. जिने त्या मंडळाच्या पहिल्या गणपतीला स्वतःच्या स्वयंपाकघरात सगळ्यांचे मोदक वळले होते, ती त्यानंतर घरीच एकटीने आरती करत राहिली. मिरी पाटाशेजारी बसायची. चुकीची माफी माग, मिटव, असं तिला पुष्कळांनी सुचवलं. ती म्हणायची, "चूक असती तर मागितली असती. हात माझा पुढे झाला, तिने ऐकलं. ऐकणाऱ्याला कसली शिक्षा?"

ती मिरीला घेऊन हंगामभर शनिवारी रानात जायची. मी तिच्याबरोबर गेले ते भांडायला, पण गेले. बंदुकांच्या रांगेमागे बरंच दूर ती उभी राहायची. एकदा पंखाला गोळी लागलेला एक पक्षी ओढ्यापलीकडे पडला आणि पळत दाट नेच्यात घुसला. डंकनची कुत्री रिकाम्या तोंडाने परतली. मिरी ओढा ओलांडून गेली आणि दिसेनाशी झाली. मावशीने शिट्टी ओठाला लावली नाही. "बोलव ना," मी म्हटलं. "तिला ठाऊक आहे, मला नाही," ती म्हणाली. मिरी आली तेव्हा पक्षी तिच्या तोंडात डोळे उघडे ठेवून होता, एक पीस न विस्कटता. मावशीने ओंजळीत घेतला, अंगठ्याने मान शोधली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "झालं हं, झालं..." झालंच. आजारी माणसांना भूल देतानाही ती हेच म्हणायची, असं तिच्या वॉर्डातल्या जुन्या नर्सने मला नंतर सांगितलं. गोऱ्या पेशंटलासुद्धा, मराठीत. डंकनने टोपी काढली नाही की काही नाही. फक्त म्हणाला, "पुढच्या शनिवारी, डॉक्टर?" मेलेली पाखरं घरी नेण्याचा तिचा हक्क होता, तो ती शेजाऱ्याला द्यायची. स्वतः वरणभात खायची.

आता शोकसभेकडे येते. एका चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये झाली. बापटकाका दाराशीच मला म्हणाले, "बेटा, शिकारीचं आणि त्या विसर्जनाचं काढू नको. शुभ गोष्टी बोलू या." मी म्हटलं, "काका, माझ्याकडे तिच्या दुसऱ्या गोष्टी नाहीत." मला बोलायला बोलावलं गेलं नाही, वेळ संपला असं कळलं. व्यासपीठावर इंदूमावशी धर्मपरायण होती, सुगरण होती, शेवटी जरा एकांतप्रिय झाली होती. एकांतप्रिय! ज्यांनी दार लावलं त्यांनीच सांगावं की ती बाहेर पडत नव्हती. चहाच्या वेळी मी निहारला फोटोबद्दल विचारलं. पूर्ण फोटो त्यानेच दिला होता. "आय नो," तो म्हणाला. "मला पण शॉक बसला. पण लुक, आई गेली, आता सीन नको. प्लीज." मग कपाकडे बघत म्हणाला, "इट्स अ गुड फोटो, दो. आईचा हॅन्ड बघितला?" मी म्हटलं, बघितला.

बापटकाका दुष्ट नाहीत. मांडीवर देव घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या माणसाला मी दुष्ट म्हणणार नाही. पण माणूस गेल्यावर त्याला धुऊन, कापून, आपल्या मापाचं करून घेण्याची जी आपली रीत आहे, तिला मी कधीही शुभ म्हणणार नाही. मावशीच्या आयुष्यातलं सगळ्यांत हट्टाचं, सगळ्यांत कोवळं काम त्या फोटोच्या खालच्या भागात होतं. तेवढंच त्यांनी काढून टाकलं.

मिरी आता माझ्याकडे राहते. सकाळी माझा मोजा आणून देते आणि मी ओंजळ पुढे करते. ऑक्टोबरात डंकनचा फोन येईल. मी जाणार आहे. खिशात पत्रकं असतील, ती बंदूकवाल्यांच्या हातात एकेक देईन, आणि मग मागे जाऊन मिरीबरोबर उभी राहीन. माझं काम आणि मावशीचं काम, दोन्ही एकाच शनिवारी.

तुम्हाला एकच मागणं आहे. मंडळ तो फोटो प्रत्येक कार्यक्रमाला आणतं, समईशेजारी टेबलावर ठेवतं. तुम्ही एडिनबरात असाल, किंवा तुमचं कुणी असेल, तर पाडव्याला तिथे जा. फुलं वाहा, नमस्कार करा, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, "बाईंचा हात कशावर आहे?" कुणीतरी म्हणेल, पर्स असेल. त्यांना सांगा, तो मिरीचा कान आहे, उरलेली मिरी कुठे आहे?